एक वीत आणि चार बोटं

मावशींच्या घरात फूटपट्टी कधीच नव्हती. वजनकाटा होता, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ होतं, पण लांबी मोजायचं काही नव्हतं. बांबूचा झाकणाचा गोल डबा विणायचा तर तळाचं आडवं माप एक वीत आणि चार बोटं. झाकणालाही तेच माप, वर फक्त एका कामटीची जाडी जास्त, म्हणजे ते अलगद बसतं. त्यांच्या आईनं असंच शिकवलं होतं आणि आईच्या आईनंही. मी एकदा विचारलं होतं, "मावशी, पट्टी घेतली तर सोपं नाही का होणार?"

"पट्टी हरवते हो," त्या मान वर न करता म्हणाल्या. "हात कुठं हरवतोय?"

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात हरवला.

आम्ही त्यांच्या वरच्या खोल्यांत भाड्यानं राहतो. जिना त्यांच्या कामाच्या खोलीतून जातो, त्यामुळे गेली अकरा वर्षं माझं येणं-जाणं बांबूच्या सालपटांवरूनच. कोपऱ्यात पाण्याचं पिंप, त्यात भिजत घातलेल्या कामट्या, दाराशी कोयता, आणि मधोमध गुडघ्यावर चामड्याचा तुकडा बांधून बसलेल्या मावशी. उंच, हाडापेराच्या बाई. हात असे की एका पंजात दोन पेले धरून धुवायच्या. घरातलं पीठ मात्र रंगाच्या रिकाम्या बादलीत. मी त्यावरून चिडवलं तर म्हणायच्या, "विकायचा माल घरात वापरला की मन चटावतं. मग विकवत नाही."

नवरा कधीच गेलेला. एकच लेक, माझ्या लेकीच्या वयाची. चवड्यांवर बसून इतक्या झरझर कामट्या सोलायची की सगळे तिला खारच म्हणत. सोलणं, भिजवणं, काठ बांधणं खारीकडे. माप धरून तळ मांडणं आणि झाकण बसवणं मावशींचं. डबा एका हाताचा असावा, असं त्यांचं म्हणणं. तळ एकीनं आणि झाकण दुसरीनं, असं त्या घरात कधी झालंच नव्हतं.

शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या बाई आल्या त्या मावशींचा एक जुना डबा काखोटीला मारूनच. सगळे एका मापाचे साठ डबे हवे होते, त्यांच्या प्रदर्शनासाठी. ते पसंत पडले तर वर्षभर काम देईन, म्हणाल्या. खार त्या दिवशी जिन्यात मला अडवून म्हणाली, "काकू, आता ते पत्र मी फाडू का?"

पत्र शिवणाच्या कारखान्याचं होतं. कारखाना एक दिवसाच्या प्रवासाइतका लांब, राहायला तिथेच सहा जणींत एक खोली. मामानं खटपट करून लावून दिलेली नोकरी. खार गेली तर मावशी मामाच्या घरी जाणार आणि हे खालचं घर बंद होणार, असं ठरत आलं होतं. साठ डब्यांवर हे सगळं थांबलं होतं.

"फाडू नकोस," मी म्हटलं. "आरशामागे ठेव." मला प्रत्येक गोष्टीला दुसरी वाट ठेवायची सवय आहे.

मावशींनी साठ तळ विणले. आतून कापडी अस्तर लावायचं होतं, म्हणून दुकानाची गाडी येऊन ते सगळे आधीच घेऊन गेली. जुना डबाही बाईंकडेच होता. झाकणं मागाहून द्यायची. गाडी गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मावशी पिंपाशी वाकल्या आणि तिथेच बसल्या. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता. "बरं." पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं, रडतानाही बरं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, पुढे सुधारेल कदाचित.

खारीनं त्यांची खाट कामाच्या खोलीतच, स्वतःसमोर लावली आणि झाकणं विणायला घेतली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माप धरलं. अंगठा टेकवला, करंगळी ताणली, पुढे चार बोटं ठेवून नखानं खूण केली. आईला सांगितलं, "बघ हं, एक वीत आणि चार बोटं. बरोबर ना?"

"बरं," मावशी म्हणाल्या आणि मान जोरजोरात हलवू लागल्या. त्या मानेचंही आता काही खरं नव्हतं, हो म्हणताना आडवी हलायची.

मी रोज दुपारी खाली जाऊन बसायचे. त्यांना भरवायचं, कूस बदलायची, खारीला हात धुऊन दोन घास खायला लावायचं. मध्येच माझ्या लेकीला वसतिगृहावर फोन करायचे. खार हसायची. "काकू, ती जेवली असेल. आता तुम्ही जेवा."

तिसऱ्या का चौथ्या झाकणाच्या वेळी मावशींनी डावा हात पुढे केला. खारीनं झाकण त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पंजा त्याच्यावर पसरला, अंगठा एका काठावर दाबला, बोटं ताणली आणि हात हलवायला लागल्या. "बरं, बरं, बरं." डोळ्यांत पाणी. खार घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

आणि मी, चार पुस्तकं शिकलेली, मोठ्या विश्वासानं म्हणाले, "अगं वेडे, आशीर्वाद देताहेत तुला. पहिल्यांदा विणलंस ना!"

खारीनं वाकून तो हात कपाळाला लावला. मावशींनी हात सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, भरून आलं असेल. पुढच्या आठवड्यात त्यांनी दोनदा तेच केलं. दोन्ही वेळा आम्ही हात धरून त्यांना शांत केलं. औषध चुकतंय का, असंही मी डॉक्टरांना विचारून आले.

एकदा लेकीच्या कंपासपेटीतली जुनी पट्टीही मी खाली नेली. साठ झाकणं एकसारखी हवीत, म्हटलं असू दे. खार म्हणाली, "पट्टी लावली तर आई या खाटेवरून उठेल आणि मला झोडपेल."

"मग लावच," मी म्हटलं. "निदान उठतील तरी!"

आम्ही दोघी हसलो. मावशीही अर्ध्या चेहऱ्यानं हसल्या, आणि मग डावा हात पट्टीकडे करून केवढ्यानं तरी "बरं" ओरडल्या. खार म्हणाली, "बघा, चिडली." मी पट्टी वर घेऊन गेले.

साठ झाकणं सहा आठवड्यांत झाली. घट्ट वीण, काठ गोल, पहिलं झाकण आणि शेवटचं झाकण एकावर एक ठेवलं तर केसाचा फरक नाही. प्रदर्शनाला आठ दिवस होते. दुकानाच्या बाई स्वतः आल्या, अस्तर लावलेला एक डबा बरोबर घेऊन. खारीनं पदराला हात पुसले, चळतीवरचं झाकण उचललं आणि डब्यावर ठेवलं.

झाकण आत पडलं. अस्तरावर, आवाजही न करता.

खारीनं दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कुठल्या डब्याची आहेत का ही?" तेवढ्यात खाटेवरून मावशींचा डावा हात पुढे आला. खारीनं झाकण त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी तसाच पंजा पसरला, अंगठा काठावर टेकवला, करंगळी ताणली. मग खारीचं मनगट पकडून तिचा पंजा आपल्या पंजावर ठेवला.

खारीची बोटं मावशींच्या शेवटच्या पेराशीच संपत होती.

इतके दिवस तो हात काय सांगत होता, ते मला तेव्हा कळलं. खार खाली बसली. "आई, तू सांगायचं होतंस ना गं," ती म्हणाली, आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

बाई वाईट नव्हत्या. बराच वेळ बसल्या, चहाही घेतला. पण तारीख त्यांना हलवता येत नव्हती आणि आठ दिवसांत साठ झाकणं कुणालाच विणता येणार नव्हती. म्हणाल्या, डबे सुंदर आहेत, सुताराकडून लाकडी झाकणं करून घेते. प्रदर्शनानंतर मी त्यांना फोन केला. लाकडी झाकणं लोकांना आवडली होती. पुढचं काम त्यांनी सुताराला आणि दुसऱ्या गावच्या बांबू विणणाऱ्यांना दिलं होतं, शब्द देऊन बसल्या होत्या. मी बोलत राहिले, पोरगी किती हुशार आहे, आईची अवस्था कशी आहे. त्या "हो ना, खरंच" म्हणत राहिल्या. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी त्यांच्याकडे नक्की काय मागत होते ते मलाच सांगता आलं नसतं.

पत्र आरशामागेच होतं. फाडू नकोस म्हणणारी मीच. आता ते शहाणपणाचं होतं की काय, याचा विचार करत बसते.

जायच्या आधी दोन दिवस खारीनं पिंपात उरलेल्या कामट्या काढल्या आणि एक तळ विणला. माप धरताना आईकडे पाहिलं नाही. एक वीत आणि चार बोटं, स्वतःची. विणून झाल्यावर साठांतलं एक झाकण त्यावर ठेवलं. ते असं बसलं की उघडताना आतली हवा जाणवली. तिनं डबा आईच्या मांडीवर ठेवला.

मावशींनी झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. काठावरून बोट फिरवलं. "बरं," त्या म्हणाल्या. हलक्या आवाजात.

"बघितलंत काकू?" खार म्हणाली. "येतं मला." आणि कोयता पोत्यात गुंडाळायला लागली. मी तिला थांब म्हणू शकले असते. पण तिला थांबवून द्यायला माझ्याकडे काम नव्हतं.

मामा गाडी घेऊन आला तेव्हा मावशी तो डबा सोडेनात. मामा म्हणाला, "ताई, तिकडे जागा नाही गं, दोन खोल्या, सात माणसं." मी म्हटलं, "अहो, मांडीवरच राहील तो." तेवढंच माझं चाललं. खार मागच्या बाजूला पेटीवर बसली, तिला पुढे स्टेशनवर सोडायचं होतं. फोन करत जा, म्हटलं तिला. जेवत जा. ती हसली नाही.

एकोणसाठ झाकणं आमच्याकडे आहेत, खिडकीखाली. किल्लीही माझ्याकडेच. जिना उतरताना ती खोली लागते. सालपटं मी अजून झाडलेली नाहीत.