वाशिम रोडवरची वनिता

आम्ही हिंगोलीचे जुने स्केटर कुठंही भेटलो, लग्नात नाहीतर दवाखान्यात, की आधी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी होते आणि मग किस्से सुरू. दरवर्षी वाढतातच लेकाचे! त्यातले निम्मे एकट्या वनिताचे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तिच्यासारखी पोरगी आमच्याकडे पुन्हा झाली नाही.

*

नव्वदच्या दशकात आमच्याकडे ट्रॅक कुठला? सकाळी उठायचं, पायाला चाकं बांधायची आणि वाशिम रोडनं कनेरगाव नाक्याकडे सुटायचं. तिथल्या एका ढाब्याची दोन कुत्री रोज वनिताच्या मागं लागायची. ती रडकुंडीला यायची, पण वेग काय वाढला तिचा! शेवटी ढाबेवाल्याला दया आली, त्यानं कुत्री बांधली. तर आमचे सर त्याच्यावरच भडकले.

"काहून बांधली? कोच हायेत ते तिचे!"

*

थांबायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. पुढं एकानं उभं राहायचं आणि येणाऱ्याला कवेत पकडायचं, ही आमची पद्धत. आखाडा बाळापूरच्या उतारावर पकडायला आमच्यातलाच गोपाळ उभा होता. वनिता भन्नाट सुटलेली, आणि समोरून ट्रक! गोपाळनं बाजूला उडी मारली. ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावरून गेला. ती थेट बाजारातल्या कांद्याच्या ढिगात.

कांदेवाली आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "थांबता येत न्हाई तं निघतीस कशाला गं माय?"

*

राज्याच्या निवड चाचणीत पहिल्या दोघींनाच नॅशनलला नेत. वनिता लागोपाठ दोनदा तिसरी! त्यात वयोगटाचं हे शेवटचं वर्ष. तिचे वडील एसटीचे ड्रायव्हर, बोलायला कडक. "यंदा न्हाई जमलं तर स्केट माळ्यावर. पुन्हा विषय न्हाई काढायचा."

पोरीचं जेवण तुटलं. सरांनी विचारलं, "भेव वाटून राहिलं काय?"

"न्हाई सर. तिसऱ्या नंबराची शिसारी आली."

*

चाचणी रस्त्यावरच होती. काका, म्हणजे वनिताचे वडील, रजा टाकून आले. पोरीला पळताना ते पहिल्यांदाच बघत होते, आणि चेहरा असा की जवळ जायची सोय नाही.

वनिता दुसरी चालली होती. तेवढ्यात गर्दी हटवायला मागून पंचांच्या मोटारसायकलनं हॉर्न दिला. आता आम्ही हमरस्त्यावर वाढलेली लेकरं. मागून हॉर्न आला की जीव घेऊन कडेला व्हायचं, हे अंगात भिनलेलं. वनितानं झटकन साईड दिली! मोटारसायकल मागंच राहिली, आणि दोन पोरी वनिताला टाकून पुढं गेल्या.

सर ओरडले, "अगं रस्ता तुझाच हाय!" काकांनी डोक्याला हात लावला.

तिनं दात खाऊन एकीला गाठलं. शेवटच्या वळणावर दुसरीला गाठलं. दोघी खांद्याला खांदा लावून, रेषा समोर, आणि मागून पुन्हा तोच हॉर्न! मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा वनिता कडेला झालेली नव्हती. मागं न बघता तिनं उजवा हात बाहेर काढला आणि हलवला. जा पुढं, जायचं तर!

वनिता दुसरी आली. नाव पुकारलं तेव्हा सर चक्क रस्त्यावर बसले.

पंच लालबुंद होऊन आले. "भर शर्यतीत पंचाला हातवारे करते ही?"

काका पुढं झाले. डोळे भरलेले, पण आवाज ड्रायव्हरचाच.

"साईड दिली होती सायेब तिनं. तुमच्याच्यानं घेणं झालं न्हाई!"