सहा महिने पाणी नाही

माझ्या नातीचं वजन उतरत होतं आणि मी गप्प बसले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला जरा हलकं जाईल.

मे महिना होता. मुलगी बाळंतपणासाठी माझ्याकडे रायपूरच्या समता कॉलोनीत आली होती. ती राहते नवा रायपूरला, नोकरीही तिथेच. तिथले रस्ते एवढे मोठे, की समोरच्या इमारतीतल्या माणसाला हाक मारायची म्हटलं तरी गाडी काढावी लागेल. आमची मंडळी विदर्भातून रेल्वेच्या नोकरीपायी इथे आली आणि इथलीच झाली. पुष्कळ काही सुटलं, पण पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत अजून कशीबशी टिकून आहे. मीही हौसेने डिंक आणून ठेवला होता, अळीव निवडून ठेवले होते, जुन्या सुती साड्यांच्या दुपट्यांचा ढीग केला होता.

दवाखान्यातून घरी येताना मुलीने गाडीतच नियम सांगितले. माझी मुलगी मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत देते. इथे वाढलेल्या पोरांचं बहुतेक असंच असतं.

"मम्मी, सुनो. छह महीने सिर्फ माँ का दूध. पानी नहीं, शहद नहीं, घुट्टी नहीं, काजल नहीं, कान में तेल नहीं."

"अन् लाडू? ते मी खाऊ का तेही बंद?" मी म्हटलं.

ती हसली नाही. मला वाटलं, दमली असेल.

मी काही अडाणी नाही. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेली बाई आहे, दोन वर्तमानपत्रं रोज वाचते. सहा महिने अंगावरचंच दूध, हे मीही वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि मे महिन्यातली दुपार वेगळी. कूलरमधून गरम वारा येत होता, एसी लावला तर बाळाला गार लागेल म्हणून मुलगी तो मधेच बंद करी. तिचे स्वतःचे ओठ फुटले होते. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही.

"अव, उकळून गार केलेलं पाणी दोन थेंब तरी दे तिले. तुझे ओठ सुकून राहिले, तिचे सुकत नसतीन काय?"

तिने फोन उचलला. काय वाचून दाखवलं ते मला आठवत नाही, कारण शेवटचं वाक्य तेवढं डोक्यात बसलं. "मम्मी, प्लीज. तुम्हारे ज़माने की साइंस पुरानी हो गई. अब सलाह मत दो, बस साथ रहो."

हे मी आधी ऐकलं होतं. म्हणजे मीच म्हटलं होतं, याच मुलीच्या जन्माच्या वेळी, माझ्या आईला.

आई तेव्हा रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची, आणि मी बाळंतपणाला तिच्याकडेच होते. तिचं शास्त्र ठरलेलं होतं. बाळंतिणीला पहिल्या दिवसांत जे पिवळं दूध येतं, ज्याला आम्ही चीक म्हणतो, ते जड असतं, बाळाला पचत नाही. ते पिळून टाकायचं. तोवर बाळाला मध आणि गुळाचं पाणी. "मले नको शिकवू," ती म्हणायची, "तुम्हा सगळ्यायले असंच वाढवलं. मेले काय तुम्ही?" आमच्यातली दोन गेली होती, पण त्या प्रश्नात ती धरलेली नसत.

माझे डॉक्टर पांढऱ्या कोटातले, कडक. त्यांनी आईला दारातच झापलं आणि मला डब्याचं दूध लिहून दिलं. डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र. दर तीन तासांनी घड्याळ बघून पाजायचं, मधे रडलं तर रडू द्यायचं, रडण्याने फुफ्फुसं मजबूत होतात. अंगावरचं दूध मिळालं तर ठीक, नाही तर डबा उत्तमच. हे सगळं मी खाली मान घालून पाळलं. मुलगी शेजारच्या खोलीत रडायची आणि मी घड्याळाकडे बघत दाराशी उभी असायची. आई स्वयंपाकघरात भांडी आपटायची. मग एक दिवस तिने आपटणंही सोडलं, गप्प झाली. मी समजले, तिला पटलं.

डब्यावर मुलगी चांगली टुमटुमीत झाली. आमच्या कॉलनीतल्या सुदृढ बालक स्पर्धेत पहिली आली, बक्षीस म्हणून प्लास्टिकचा टब मिळाला. तिचा त्या दिवशीचा फोटो मी इतकी वर्षं मिरवला. यंदा तिने तो नीट पाहिला आणि म्हणाली, "मम्मी, ये तो ओवरवेट है." मी कपाळाला हात लावला.

शास्त्र बदलतं याचं मला वाईट वाटत नाही. बदललं नसतं तर आम्ही अजून चीक पिळून फेकत बसलो असतो, आणि आता डॉक्टर सांगतात की बाळाला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते. ते बरोबरच आहे. मला थकवा येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दर वेळी नवं शास्त्र असं दारात येतं, जसं काही याच्याआधी कोणी आई झालीच नव्हती. आधीच्या बाईने चहा ठेवायचा आणि मधे बोलायचं नाही.

आणि ते एकटं येत नाही, हेही मला आता कळायला लागलंय. माझ्या वेळी बायका नुकत्या ऑफिसात जायला लागल्या होत्या. रजा तीन महिन्यांची. तेव्हा शास्त्र म्हणत होतं, डबा उत्तम. आता मुलीला रजा सहा महिन्यांची आहे, आणि शास्त्र म्हणतं, सहा महिने अंगावरचं. यात कोण कोणाच्या मागून चाललंय हे मला ठरवता येत नाही. माझ्यापेक्षा शिकलेले लोक सांगतील. मला आपलं दिसतं ते एवढंच, की रजा आणि शास्त्र ही दोघं हातात हात घालून पुढे चालतात आणि आपण मागून पिशव्या उचलून चालतो. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई बाळंत झाल्यावर बारशाच्या आधीच कामावर आली होती. तिच्या बाळाला कुठल्या काळाचं शास्त्र लागू होतं, ते कोणी वाचून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही.

तर, सलाह बंद झाली. मी मूग गिळून बसले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. एका बाजूने आई आणि दुसऱ्या बाजूने मुलगी, दोघींच्या मधे मी आयुष्यभर चुकीचीच ठरत आले होते, आता निदान बोलायची जबाबदारी नव्हती. लाडू वळायचे, गरम पाणी काढायचं, वरण-भात वाढायचा.

पण डोळे तर बंद होत नाहीत. पहिले दोन दिवस बाळ जोरात रडलं. मग रडणं कमी झालं. मुलगी खूश. "देखो, कितनी शांत बच्ची है." छातीला लावलं की बाळ दोन घोट घेई आणि झोपून जाई. हलवून जागं केलं तरी पुन्हा झोपे. मुलगी फोनवर वाचे की नवजात बाळं खूप झोपतात. ते खरंच आहे, झोपतात.

मी एकदा डायपर बदलला. हातात हलका लागला. आमच्या वेळी सुती लंगोट असत. शहराबाहेरच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ गच्चीवर उडत येई आणि वाळत घातलेल्या लंगोटांवर बसे, म्हणून आम्ही ते परत परत झटकत असू. तेव्हा शिव्या घातल्या त्या धुळीला. पण दोरीकडे एक नजर टाकली की कळायचं, पोरगी दिवसभरात किती वेळा ओली झाली. डायपर सगळं पोटात ठेवतो. त्यात एक विटकरी डाग दिसला, पोटात दूध कमी गेलं की पडतो तसा. मी तो डायपर घडी करून टाकून दिला. तोंडापर्यंत शब्द आला होता. मग वाटलं, पुन्हा फोन उचलेल, पुन्हा वाचून दाखवेल आणि पुन्हा मीच जुन्या जमान्याची. जाऊ दे. तिला तिचं कळतं.

संध्याकाळपर्यंत बाळाच्या डोळ्यांचा पांढरा भाग मला पिवळसर दिसायला लागला. चष्मा पुसून पाहिला. मी पुन्हा काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनेच हाक मारली. बाळ दूध प्यायला तोंडच उघडत नव्हतं.

कॉलोनीतल्याच लहान मुलांच्या दवाखान्यात धावलो. डॉक्टर तरुण मराठी मुलगी, माझ्या मुलीपेक्षाही लहान असेल. तिने बाळाला काट्यावर ठेवलं, कातडी चिमटीत धरून पाहिली, आणि तिचा चेहरा बदलला. वजन उतरायला नको इतकं उतरलं होतं. अंगातलं पाणी कमी झालं होतं, कावीळही वाढली होती. तिथेच भरती करून घेतलं.

मुलगी रडतच म्हणाली, "लेकिन मैंने तो सब सही किया. पानी की एक बूँद नहीं दी."

"पाणी नाही दिलं ते बरंच केलं," डॉक्टर म्हणाली. "पाण्याने आणखी बिघडलं असतं. नियम बरोबर आहे. पण दूध पोटात जातंय की नाही, ते कोणीतरी पाहायला हवं ना. पहिलटकरणीला दूध यायला कधी कधी उशीर होतो. तोवर थोडं वरचं दूध द्यावं लागतं, त्यात काही पाप नाही." मग तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी साधेपणाने, आणि विचारलं, "घरात मोठं कोणी नव्हतं काय?"

मी मोठी तिथेच उभी होते, हातात बाळाचं दुपटं घेऊन.

बाळाला काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं. नर्स एका छोट्या चोचीच्या स्टीलच्या भांड्याने तिच्या ओठांत थेंब थेंब दूध सोडत होती. आई त्याला बोंडलं म्हणायची आणि माझ्या डॉक्टरांनी ते घाणेरडं म्हणून मला फेकायला लावलं होतं. नर्स म्हणाली, आता बाटली चांगली नाही, हेच चांगलं. मला हसू आलं नाही, रागही आला नाही. इतक्या वर्षांची भांडणं, आणि शेवटी भांडं तेच. आई त्या दिवसांत गप्प राहून काय काय बघत होती, कोण जाणे. आता विचारायला ती नाही.

बाहेरच्या बाकावर मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. डोळे सुजले होते. या वेळी ती मराठीत बोलली.

"मम्मी, तुले दिसत होतं ना?"

"हो."

"मग बोलली काहून नाही?"

तूच बोलू नको म्हणाली होतीस, हे उत्तर तोंडावर तयार होतं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं आणि त्या बाकावर बसून मला ते देववेना.

"मला वाटलं, मी पुन्हा चुकीची निघीन," मी म्हटलं. "चुकून चुकून थकली होती मी. म्हणून नाही बोलली."

ती ओक्साबोक्शी रडली. मीही रडले. कोणी कोणाला माफ वगैरे केलं नाही. आत बाळ होतं, आणि ते जगेल की नाही हे आम्हाला अजून कोणी नीट सांगितलं नव्हतं.

जगलं. काही दिवसांनी घरी आलो. वजन हळूहळू वर सरकायला लागलं होतं, मुलीचं दूधही भरून यायला लागलं होतं. डॉक्टरने पाजायच्या वेळा ठरवून दिल्या होत्या आणि मुलीने फोनमध्ये त्यांचे गजर लावले होते.

एका दुपारी बाळ माझ्या मांडीवर होतं. मुलगी शेजारी गाढ झोपलेली, तिला झोपेची गरज होतीच. बाळ रडत नव्हतं. नुसतं भुकेल्यासारखं तोंड इकडून तिकडे फिरवत होतं, ओठ चोखत होतं. गजराला अजून वेळ होता.

मी मुलीला हलवलं. "ऊठ. पाज तिले."

"मम्मी, अभी टाइम नहीं हुआ."

"ऊठ म्हटलं ना."

"डॉक्टर ने जो बोला है..."

"डॉक्टर इथे नाही, मी आहे. मी चुकत असीन, तर उद्या जाऊन विचारू तिले, अन् ती मला बोलली तर ऐकून घेईन. पण आत्ता पाज."

ती चिडली. उठून बसली, फोन हातात घेतला, काहीतरी शोधायला लागली. मी बाळ तिच्यापुढे धरूनच उभी राहिले, माझे हात भरून आले तरी. शेवटी तिने फोन उशीवर टाकला आणि चिडूनच बाळाला घेतलं.