निळं टरफल पाहून माझी बोबडीच वळली

मंडळी, आज जे घडलं ते लिहिते.

आज सकाळी सासूबाईंनी माझ्या चार वर्षांच्या चिऊला अंडं उकडून भरवलं. मी अंगण झाडून आत आले, तर ताटलीत टरफलं निळी-हिरवी! अगदी मोरचुदाच्या रंगाची. आणि कालच आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, लिंबांवर फवारायला मोरचूद कालवून बादली खुराड्याशेजारी ठेवली होती.

कोंबडीनं ते पाणी प्यायलं असेल तर? आणि तेच विष अंड्यातून चिऊच्या पोटात गेलं असेल तर?

"काय व्हयनं वं?" सासूबाई विचारत होत्या. चिऊला कडेवर घेतलं आणि दोंडाईच्याच्या रशीदचाचांना फोन लावला. कोंबड्यांची पिल्लं त्यांच्याकडूनच आणली होती, आणि ती आता कुठे अंडी द्यायला लागली होती.

"मोरचूद पिऊन अंडं निळं होत नाही बेटा," ते म्हणाले. "एखाद्या कोंबडीच्या गालांवर दाढीसारखी पिसं आहेत? पाय हिरवट?"

"आहेत, एकीचे."

"आता टरफल आतून बघ. तपकिरी रंग वरवरचा असतो, निळा आरपार जातो. तिची जातच तशी."

पापुद्रा सोलला. आतूनही निळंच! मी तिथेच खाली बसले आणि रडले.

तरी राहवलं नाही, चिऊला डॉक्टरांना दाखवून आणलं. ती ठणठणीत आहे.

आता ती म्हणतेय, "मम्मी, उद्या पण निळंच अंडं पाहिजे."

मी हो म्हटलंय खरं. पण सांगा, ते भरवायला तुमचा हात धजावला असता का?