बाळूच्या कोडमधलं मराठी

बाळूला जाऊन आज वर्ष झालं. आणि ज्यांनी त्याचा कोड उडवला, तेच सकाळपासून त्याच्या फोटोखाली हात जोडताहेत.

लाज वाटू द्या रे जरा.

बाळू बोरी बुद्रुकचा. घरी मेंढरं, कॉलेज अर्ध्यात सोडलेलं. वस्त्यांवर मोबाइलला रेंज नाही, म्हणून आम्ही दोघांनी जुने वायफाय राउटर घरांच्या छपरांवर बसवले.

एका वस्तीवर बिबट्या दिसला की राउटरवरून राउटरवर सगळ्या वस्त्यांना मेसेज जायचा.

राउटर चालवणारा कोड ओपन सोर्स, कुणीही बदलावा असा. बाळू चार वर्षं त्यात भर घालत राहिला. राउटर पिशवीत घालून मेंढरांमागं चालायचा आणि सिग्नल कुठे तुटतो ते बघायचा.

मग प्रोजेक्टमध्ये माणसं वाढली. लई शिकलेली!

ऑनलाइन मीटिंगमध्ये विषय निघाला. हा जुना कोड वाढवत बसायचं, की बाहेरचा तयार नवा घ्यायचा?

एक साहेब म्हणाले, "ह्यातल्या टिपा सगळ्या मराठीत आहेत. तपासणार कोण?"

सगळे हसले. अरे, निम्मी टीम मराठी होती!

बाळू एवढंच म्हणाला, "नवा चांगलाच असंल राव. पन उसात लावून बघितला का कुनी?"

मतदान झालं आणि मीही नव्याच्या बाजूने हात वर केला. मी, त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

दोन महिन्यांनी बाळू गेला. हार्ट अटॅक.

कोडमुळे गेला असं मी म्हणत नाही. पण अपमान गिळून गेला, हे ठणकावून सांगतो.

नवा कोड उन्हाळाभर झकास चालला. पावसाळ्यात ऊस वाढला आणि एकेक वस्ती गप्प झाली.

सविता वहिनींनी, बाळूच्या बायकोने, रेंजमध्ये येऊन फोन केला. "भाऊजी, बिबट्या वाघानं दोन मेंढरं नेली. मेसेज आलाच न्हाई. ह्यांचं व्हतं तवा असं कधी झालं न्हवतं."

तेव्हा कुठे मी बाळूचा कोड उघडून ओळ न् ओळ वाचला.

"हितं ऊस डोक्याच्या वर गेला की सिग्नल पडतो. घाई करू नये, हळू पाठवावं."

"पाला ओला आसंल तर दोनदा पाठवावं."

ह्यालाच आम्ही मीटिंगमध्ये फाफटपसारा म्हणालो होतो.

आणि आज म्हणे "आमचा मोलाचा सहकारी"! मोलाचा होता तर जिवंतपणी ऐकायचं होतं की त्याचं!

काल मी बाळूचा कोड सगळ्या राउटरवर परत चढवला. कुणाला विचारलं नाही. ज्याला राग येईल त्याने यावं वारूळवाडीला, मी घरीच आहे.

फाइलच्या अगदी शेवटी त्याने लिहिलंय, "मला काय झालं तर सुनीलला इचारा. त्यानं समदं वाचलंय."

सुनील म्हणजे मी.

बाळू, मी तेव्हा एकही ओळ वाचली नव्हती रे.

माफ कर. शेवटचा रामराम.