आप्पांचं बीपी, एकशे वीस-ऐंशी

आमच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत, ते रोज सकाळी स्क्रीनवर येऊन पडतात. घराघरांतल्या बीपीच्या आणि शुगरच्या मशीन परभणीतल्या एका दवाखान्याच्या रेकॉर्डला जोडायच्या, हे आमचं काम. पेशंटने घरी दंडाला पट्टा लावून बटण दाबलं, की आकडा मोबाइलमधून थेट डॉक्टरांसमोर. निदान लोकांना तरी आम्ही असंच सांगतो. प्रत्यक्षात आकड्याच्या आधी धक्का पोचतो!

माणसं आम्ही तीनच. डॉक्टर मॅडम स्क्रीन बघून गोळ्या ठरवतात. पाथरीच्या शीलाताई नर्स आहेत, त्या घरोघर जाऊन मशीन शिकवतात. आणि मी सॉफ्टवेअरवाला. माझा यात स्वार्थ आहे, तो कशाला लपवू? आप्पा, म्हणजे माझे वडील, पूर्णेला रेल्वेत पॉइंट्समन होते. रिटायर झाल्यावर त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पण मी घाबरलो तो घाबरलोच. बीपी वर गेलं तर दुसरा झटका झेपणार नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून पहिली मशीन मी त्यांच्याच घरी बसवली.

* * *

पहिला दणका दिला तो पिंगळी गावाने. तिथल्या एका काकांना आखातातल्या मुलाने शुगरची मशीन पाठवली होती, ती आम्ही जोडली. दुसऱ्या दिवशी मॅडम खुर्चीतून ताडकन उठल्या. "शुगर सहा? सहा?! अहो, हा माणूस बेशुद्ध पडला असणार! ॲम्ब्युलन्स बोलवा!"

शीलाताईंनी फोन लावला. पलीकडून वरणाचा भुरका ऐकू आला. "ताई, जेवायलोय मी. जरा थांबून करा की फोन!"

तिकडची मशीन शुगर वेगळ्या मापात मोजते. तिथले सहा म्हणजे आपले एकशे आठ, अगदी नॉर्मल. आकडा आला होता आणि माप मागेच राहिलं होतं.

त्या दिवसापासून आम्ही ओपन स्टँडर्डचे कट्टर भक्त झालो. म्हणजे काय, तर सगळ्यांना मान्य असलेली, कुणालाही वापरता येणारी लिहायची एकच पद्धत. आकड्यासोबत माप, वेळ, मशीन आणि पेशंटचं नाव आलंच पाहिजे. नळाची तोटी कुठल्याही दुकानातून आणा, आटे बसतात, तसं.

* * *

हे सगळ्यांनाच पटतं असं नाही. टाय लावलेला एक सेल्समन भर उन्हात आमच्याकडे आला. "सर, आमची मशीन वर्ल्ड क्लास!"

मी विचारलं, "डेटा बाहेर देते का?"

"देते ना! आमच्या ॲपमध्ये."

"आणि ॲपमधून आमच्या रेकॉर्डला?"

"स्क्रीनशॉट काढायचा सर, आणि बघून टाइप करायचं!"

शीलाताईंनी कपबशी खाली ठेवली. "म्हंजे पेशंट आमचा, दंड त्याचा, आन बीपी तेवढं तुमचं व्हय?" गडी चहा अर्धा टाकून गेला.

* * *

आप्पांचं मात्र सगळं एक नंबर चाललं होतं. रोज सकाळी बुद्धवंदना झाली की आकडा हजर. सुरुवातीला दोनदा वर गेला, दोन्ही वेळा मी सुट्टी टाकून पूर्णा गाठलं आणि मिठावरून त्यांना बडबडलो. त्यानंतर कायम एकशे वीस-ऐंशी, फार तर एकशे अठरा-अठ्ठ्याहत्तर. "मॉडेल पेशंट आहेत तुमचे वडील," मॅडम म्हणाल्या आणि काही महिने आकडे बघून त्यांनी दोनातली एक गोळी बंद केली. मी ऑफिसात पेढे वाटले.

* * *

पाथरीच्या एक रिटायर्ड बाई. त्यांना आमच्या सिस्टिमने आपोआप मेसेज धाडला, "अकरा दिवसांत आपण बीपी मोजलेले नाही." बाई पुढच्या एसटीने ऑफिसात! हातात वही, वहीत अकरा दिवसांचे आकडे, लाल पेनने रेघा मारलेल्या.

"मी जन्मभर पोरांची हजेरी घेतलीय," बाई कडाडल्या, "आन तुमी मला गैरहजर मांडता?"

मी उभा राहूनच रेकॉर्ड उघडलं. सेल बदलल्यावर बाईंच्या मशीनचं घड्याळ पार मागे गेलं होतं. आजचं बीपी आमच्याकडे बाई नोकरीत असतानाच्या काळात जमा होत होतं! मी बाईंची माफी मागितली. त्यांनी ती लेखी घेतली.

* * *

मग आल्या शेवंताबाई. एका सकाळी त्यांच्या नावावर चौदा आकडे. शंभर, एकशे सत्तर, एकशे तीस, पुन्हा पंच्याण्णव! शीलाताई जीप पकडून त्यांच्या गावी गेल्या.

अंगणात ही गर्दी. आल्या-गेल्याला आधी पाणी, मग दंडाला पट्टा, मग चहा! शेवंताबाईंना त्यात वावगं काही वाटेना. "दारात आलेल्याला तसंच कसं लावून द्यावं, ताई? निस्ता चहा तर कुनीबी देतं!"

* * *

आणि हा मागच्याच मंगळवारचा.

मॅडमनी मला हाक मारली, तो आवाजच वेगळा होता. स्क्रीन लाल. आप्पांच्या नावापुढे एकशे ब्याण्णव-एकशे दहा! मी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. मी चप्पल घातली की नाही तेही आठवत नाही. गाडीत बसून सगळं तपासलं. माप बरोबर, वेळ बरोबर, मशीन तीच. चूक असावी म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत होतो, आणि चूक सापडत नव्हती.

पूर्णेला घर गाठलं तर आप्पा ओट्यावर पेपर वाचत बसलेले!

"जयभीम! कामाच्या दिवशी कसा काय आलास रे?"

"आप्पा, फोन का उचलत नाही? तुमचं बीपी एकशे ब्याण्णव आलंय! आडवे व्हा आधी!"

"माजं?" आप्पांनी चष्मा काढला. "मी कुटं मोजलंय?"

"रोज सकाळी येतंय ते?"

आप्पा ओशाळले. पेपरची घडी घातली, पुन्हा मोडली. "तुला खरं सांगू का? माजं जरा वर गेलं की तू काम टाकून पळत यायलास. मला लय फिकर वाटली, नोकरी जाईल पोराची. मग तवापासून तुज्या मायचा दंड लावायलो. ती ठणठणीत बाई. कायम एकशे वीस-ऐंशी."

समोर आप्पा, कित्येक महिने न मोजलेले, वर एक गोळी बंद झालेले. आणि आजचे एकशे ब्याण्णव? मी तसाच वळून आत बघितलं. माय डोक्याला फडकं आवळून भाकरी थापत होती.

"आलास व्हय?" ती म्हणाली. "बस. दोन दिस झाले, डोस्कं लय ठणकायलंय बग."

मी मशीन घेऊन दोघांच्या मध्ये बसलो आणि पट्टा उघडला. दोघांनीही आपापला हात मागे लपवला.

"आदी ह्यांचं बग," माय म्हणाली.

"आदी तिचं," आप्पा म्हणाले.