सोळा जोड आणि पांढरी टेप

आमच्या ह्यांचा धंदा नळजोडणीचा. एकतीस वर्षं लोकांच्या मोऱ्या आणि टाक्या जोडत आलेत. "माझा जोड गळत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटरवर गेम खेळायला लागला, तो मुलामुळे.

मुलगा नोकरीसाठी दूर गेला. फोनवर बापलेकाचं बोलणं "जेवलास का?" "हो, तुम्ही?" एवढ्यावर आटोपायचं. मग त्यानेच आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर यांना गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावून दिला. आता रविवारी दुपारी दोघं एकमेकांशी शर्यत लावतात, आणि हे "अरे गाढवा, ब्रेक दाब!" असे ओरडतात की शेजारीण काळजीने डोकावून जाते. मला मात्र ते ओरडणं फार आवडतं. आठवड्यात तेवढाच वेळ दोघं मोकळे होतात.

पण दोन महिन्यांपासून मशीन तापून अर्ध्या शर्यतीत बंद पडायला लागलं. इकडे पडदा काळा आणि मुलगा तिकडे एकटाच गाडी हाकतोय. "राहू दे बाबा, पुन्हा कधीतरी," असं तो दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा यांचा चेहरा एवढासा झाला.

मग यांना कुठूनसं कळलं की कॉम्प्युटर पाण्यानेही थंड करता येतो. झालं! घर डोक्यावर घेतलं.

"अगं, टाकी, पंप, नळी, रेडिएटर! पाणी गरम भागावरून फिरवायचं, रेडिएटरमध्ये निववायचं, परत टाकीत आणायचं. हे तर माझंच काम!"

मुलाला अवाक करायचं, तेव्हा त्याला एक शब्द बोलायचा नाही, अशी मला तंबी मिळाली.

मी घरी शिवणकाम करते. ज्या खाकी कागदावर मी बाह्यांचे आकार काढते त्यावर यांचा नकाशा उमटला, आणि माझी मापाची टेप यांच्या गळ्यात गेली. टाकी पंपाच्या वर, म्हणजे पंप कोरडा फिरणार नाही. सगळ्यात खाली एक छोटा कॉक, नाहीतर पाणी बदलायला मशीन उलटं करणार का? इथवर ठीक. मग म्हणतात, प्रत्येक नळीला उतार हवा.

"अहो, पंप आहे ना ढकलायला? ही काय मोरी आहे?"

यांनी पेन्सिल घेऊन उतार खोडला. मी कधी नव्हे ते जिंकले, त्या आनंदात चहा दोनदा केला.

एकूण जोड सोळा. सामान आल्यावर सगळं आधी टेबलावरच जोडलं. एखादा जोड मशीनमध्ये गळला तर पाणी थेट ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे खेळाचं चित्र पडद्यावर आणणाऱ्या महागड्या भागावर, आणि कार्ड गेलं की रविवार गेला, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून पाण्याआधी हवा. दाब दाखवणारा काटा असलेला हातपंप आणला. हवा भरायची आणि अर्धा तास बघायचं, काटा हलता कामा नये.

पाच मिनिटांत काटा खाली आला. यांनी पान्याने जोड आवळले. काटा पुन्हा खाली. साबणाचा फेस लावून पाहिलं, तर एक नाही, दोन नाही, जिकडेतिकडे बुडबुडे. हे खुर्चीत बसले ते बसलेच. धंद्यातल्या कुणाला विचारावं, तर वर्षभर हसतील.

शेवटी यांनी मुलाला फोन लावला. बुधवार होता, तो घाबरूनच बोलला, "काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई धडधाकट आहे. माझे जोड गळतायत."

मग सगळं सांगावं लागलं. मुलगा नीट ऐकत होता. "बाबा, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलीत?"

"मग? टेपशिवाय कुठे जोड होतो?"

"तिथे रबराची रिंग असते. टेपमुळे ती बसतच नाही. टेप काढा, पाना ठेवून द्या, नुसत्या हाताने आवळा."

"हाताने?" यांचा आवाज चिरकला. पण टेप काढली, जोड हाताने आवळले. मुलगा फोनवरच थांबला.

"किती जोडांना लावली होती?"

"सोळा."

"सोळाच्या सोळा?" आणि तो जो हसत सुटला! हेही हसले, डोळे पुसत हसले. चेपलेल्या दोन रिंगा बदलल्या, हवा भरली. काटा जागचा हलेना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. तेवढ्या वेळात मुलाने साहेबाची नक्कल केली, खोलीवर भात कसा करपतो ते सांगितलं, गेल्या महिन्यात चार दिवस तापाने पडून होतो हेही सांगितलं. हे आम्हाला माहीतच नव्हतं.

"टिकला रे!" अर्ध्या तासाने हे ओरडले. "आता मशीनमध्ये बसवतो आणि पाणी भरतो!"

"नका भरू, बाबा. मला बघायचंय. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतो."

एरवी हे म्हणाले असते, उगाच कशाला एवढा प्रवास. या वेळी म्हणाले, "ये. तोवर मी पाण्याला हात लावत नाही."