‘बरी’च्या जागी ‘फेअर’

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसात कारकून होतो. सटाण्याच्या कॉलेजातून इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपुढे गेलेलं नव्हतं. मुलाखतीत साहेबांनी समोर कोरा कागद ठेवला आणि रजेचा अर्ज इंग्रजीत लिहायला सांगितला. मी लिहिला, त्यांनी एक चूक दुरुस्त केली आणि सोमवारपासून या म्हणाले. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, हे मी आजही मानतो.

टेम्पररी कामगारांना कायम करायचं की नाही, हे मुंबईचं हेड ऑफिस ठरवी. त्यासाठी दरवर्षी प्रत्येकाचा एक फॉर्म जाई. फॉर्म इंग्रजीत. शेवटी एक रिकामी ओळ, सुपरवायझरच्या शेऱ्यासाठी. आमचे सुपरवायझर कामात मुरलेले, पण इंग्रजी लिहायचं म्हटलं की त्यांना चहा आठवे. म्हणून पद्धत अशी पडली होती की मी फॉर्म घेऊन खात्यात जायचं, सुपरवायझरनं माणसाबद्दल तोंडी सांगायचं, मी ते इंग्रजीत लिहायचं आणि त्यांनी खाली सही करायची.

मला या कामाचा अभिमान होता. शाळेत आमच्या सरांनी विशेषणांची एक वहीच करून घेतली होती. गुड म्हणजे चांगला, व्हेरी गुड म्हणजे फार चांगला, एक्सलंट म्हणजे उत्कृष्ट, सॅटिस्फॅक्टरी म्हणजे समाधानकारक, फेअर म्हणजे बरा. मी ती पाठ केली होती. सुपरवायझर जो शब्द बोलेल त्याचाच इंग्रजी शब्द लिहायचा, आपलं पदरचं काही घालायचं नाही, हा माझा प्रामाणिकपणा.

त्या वर्षी, शहरात नाशिकरोडला वाढलेल्या प्रेसखात्याच्या सुपरवायझरनं आपली सगळी माणसं एक नंबर ठरवली. मी एक्सलंट लिहीत गेलो. मग कॉइल वाइंडिंगला, तारेची वेटोळी गुंडाळणाऱ्या खात्यात गेलो. तिथले सुपरवायझर माझ्याच सटाण्याकडचे, बागलाणातले, निवृत्तीला आलेले. खात्यातल्या बायका त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणायचो. त्यांच्याकडे त्या वेळी एकच फॉर्म होता, हरसूलकडच्या एका बाईचा. दोन वर्षं टेम्पररी. मामा आमच्या अहिराणीत म्हणाले, बरी शे रे ती, हात बरा शे. मी लिहिलं, फेअर वर्कर. मामांनी सही केली.

महिन्याभरानं यादी आली. प्रेसखात्यातले सगळे कायम झाले होते. त्या बाईच्या नावापुढे सहा महिने मुदतवाढ होती, नियमाप्रमाणे मध्ये ब्रेक देऊन.

ब्रेक म्हणजे टेम्पररी माणसाला काही आठवडे घरी बसवायचं आणि पुन्हा नव्यानं घ्यायचं. ब्रेकमध्ये त्यांना खोलीभाडं परवडत नसे, त्यामुळे ती आणि नवरा मुलीला घेऊन गावी जात. नवराही नाक्यावर मिळेल ते काम करणारा. मुलगी चौथीत होती. आधीच्या दोन ब्रेकमध्ये तिची शाळा दोनदा तुटली होती आणि आणखी एकदा तुटली तर नाव काढू, असं शाळेनं सांगितलं होतं. हे मला त्या बाईनंच सांगितलं, यादी लागली त्या दुपारी. तक्रार म्हणून नाही. ब्रेक परीक्षेनंतर घेता येईल का, एवढंच विचारायला ती आली होती.

मी फाइल काढली. दोन्ही खात्यांचे फॉर्म शेजारी ठेवले आणि माझं अक्षर वाचलं. मुंबईत बसून हे वाचणाऱ्याला काय दिसलं असेल, ते तेव्हा कळलं. तिकडे फेअर म्हणजे कसंबसं चालवून घेण्याजोगं, सॅटिस्फॅक्टरीच्याही खालचं. आणि आमच्या बागलाणात बरं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडे कांदा डोळ्यांत भरेल असा निघाला तरी शेतकरी माल बरा आहे म्हणतो. मुलगी पसंत पडली की पाहुणे पोरगी बरी आहे म्हणतात आणि सुपारी फोडतात. तोंडभर कौतुक केलं तर दृष्ट लागते, शिवाय माणूस चढून बसतो. हे ऐकत मी वाढलो होतो. ऑफिसात फॉर्म हातात आला की मात्र मला फक्त वही आठवत होती.

मामांकडे गेलो. नीट सांगा, ती काम कसं करते, असं विचारलं. त्यांनी मशीनवरून मान वर केली.

"तू सटाणाना शे ना रे? बरी म्हंजे बरी."

मी म्हणालो, मुंबईला ते कळत नाही. ती काय करते ते सांगा.

मामा म्हणाले, "दोन वरीसमा तिनी एक बी कॉइल परत उनी नही."

दोन वर्षांत एकही कॉइल तपासणीतून परत आली नव्हती. बाकीच्यांच्या आठवड्याला दोनतीन येत. मी ते तसंच इंग्रजीत लिहिलं, विशेषण न घालता, आणि त्यांची सही घेतली.

साहेबांनी कागद वाचला आणि मामांना बोलावून घेतलं. आधीचा शेरा तुमचा की याचा, असं विचारलं. मामा लगेच म्हणाले, माझाच, मीच तसं सांगितलं होतं. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. क्षणभर मला ते सोयीचं वाटलं. मग मी सांगितलं की शब्द माझा आहे, मामा तिला बरी म्हणाले होते आणि आमच्याकडे बरी म्हणजे चांगलीच.

साहेब मला म्हणाले, "इंग्रजी येतं म्हणून घेतलं तुम्हाला. मराठी विसरायला नाही." एवढंच. कागद त्याच दिवशी मुंबईला गेला.

उत्तर आलं ते अर्धंच मनासारखं होतं. यादी बदलणार नाही, पुढच्या वेळी तिचा आधी विचार करू, मात्र मधला ब्रेक रद्द. मी जेवणाच्या सुट्टीत तिला गाठलं आणि सगळं सांगितलं, माझ्या शब्दासकट. डबा खाता खाता ती ऐकत होती. ब्रेक नक्की नाही ना, एवढंच तिनं दोनदा विचारलं.

"साहेब लय बोलले का तुम्हाला?"

थोडंसं, मी म्हणालो.

मग तिनं एक काम सांगितलं. आता मुलीची शाळा तुटणार नाही, असा अर्ज शाळेत द्यायचा होता. तो मी लिहून द्यावा. मला ही भरपाईची संधी वाटली. इंग्रजीत लिहितो ताई, वजन पडेल, असं मी उत्साहानं म्हणालो.

ती आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली होती. डब्याचं झाकण लावत म्हणाली, "मराठीत लिवा, दादा. द्यायच्या आधी मला वाचाय आलं पायजे."

मी मराठीत लिहिला. तिनं तो तिथंच, एकेका ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला आणि मग सही केली.